बारा कुप्या आणि तेरावा दोष : ‘ल ने द्यु व्हँ’च्या दोषसंचाचे परीक्षण

जाँ लनवार या फ्रेंच गृहस्थांनी १९८१ मध्ये ‘ल ने द्यु व्हँ’ या नावाने वाइनमध्ये आढळणाऱ्या गंधांच्या कुप्यांचा संच काढला आणि तेव्हापासून वाइन शिकणाऱ्यांच्या टेबलावर तो जगभर दिसत आला आहे. चोपन्न कुप्यांचा मूळ संच अनेकांना निदान ऐकून माहीत असतो. त्याच मालिकेतील, केवळ बिघडलेल्या वाइनचे वास देणारा बारा कुप्यांचा संच मात्र आपल्याकडे अभावानेच पाहायला मिळतो. आणि माझ्या मते नाशिकच्या वाइन उद्योगाला, इथल्या हॉटेलांना आणि दुकानांना चांगल्या वासांच्या संचापेक्षा याच संचाची गरज अधिक आहे. वाइनमध्ये चेरी जाणवते की जांभूळ, यावर मतभेद झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. ग्लासातली वाइन नासलेली आहे की तिची ढबच तशी आहे, हे मात्र ठरवता आले नाही, तर एक तर गिऱ्हाईक निमूटपणे पैसे मोजते किंवा चांगली बाटली मोरीत ओतली जाते. संचाकडे मी मुख्यत्वे यीस्टमुळे होणाऱ्या बिघाडांच्या अंगाने पाहिले आहे, कारण त्याची ताकद आणि त्याची सर्वांत मोठी मर्यादा या दोन्ही गोष्टी तिथेच दिसतात.

पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेटीत बारा छोट्या काचेच्या कुप्या क्रमांकाने मांडलेल्या असतात आणि सोबत माहितीपुस्तिका असते. वास पुढीलप्रमाणे आहेत : हिरवट पाला, अतिपिकून नासलेले सफरचंद, व्हिनेगर, गोंद, साबण, गंधक, कुजके अंडे, कांदा, फुलकोबी, घोडा, बुरशी-माती आणि बूच. कुपी क्रमांकाने ओळखली जात असल्यामुळे एकाने कुप्या पुढे सरकवायच्या आणि बाकीच्यांनी न पाहता नाव लिहायचे, असा सराव सहज करता येतो. आमच्या चवगटात आम्ही संच असाच वापरतो. एका बैठकीत बाराही कुप्या हुंगण्याचा मोह टाळावा. कुजके अंडे आणि कांदा या कुप्या एकदा उघडल्या की पुढचा काही वेळ नाक कशालाच दाद देत नाही. त्या शेवटी ठेवाव्यात, आणि शेजारच्या खोलीत फोडणी पडत असेल किंवा उदबत्ती लावलेली असेल तर बैठक पुढे ढकलावी.

बारापैकी सगळेच दोष यीस्टचे नाहीत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. बुचाचा दर्प ट्रायक्लोरोअॅनिसोल या द्रव्याचा असतो. ते बुरशी आणि क्लोरिनयुक्त फिनॉल यांच्या संयोगातून तयार होते आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या क्षुल्लक प्रमाणातही वाइनचा सगळा फळगंध मारून टाकते. नाशिकच्या बहुतेक बाटल्यांना आता फिरकीचे झाकण असल्यामुळे ही कुपी इथे परदेशी बाटल्यांपुरतीच कामाची आहे. बुरशी-माती या कुपीची गंमत वेगळी. जिओस्मिन हे पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधातील प्रमुख द्रव्य आहे, आणि कुजक्या घडांवरील बुरशीतून तेच वाइनमध्ये उतरते. आपल्या नाकाला हा वास इतका प्रिय आहे, की आमच्या गटातील निम्म्या लोकांनी ही कुपी ‘चांगला वास’ म्हणून नोंदवली. दोष हा वासात नसून तो कुठे आला आहे यात असतो, हे या कुपीइतके स्पष्टपणे दुसरी कोणतीच कुपी सांगत नाही. हिरवट पाला आणि साबण या कुप्यांबद्दल लिहिण्यासारखे विशेष काही नाही.

संचाने उत्तम रीतीने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे व्हिनेगर आणि गोंद यांतील फरक. ‘वाइन आंबली’ या एकाच शेऱ्याखाली आपण दोन्ही दोष ढकलून देतो, पण त्यांची उत्पत्ती एक नाही. व्हिनेगरचा झणका अॅसिटिक आम्लाचा. हवा मिळाली की अॅसिटिक जीवाणू अल्कोहोलपासून ते तयार करतात, आणि लिटरमागे साधारण ०.७ ग्रॅमच्या पुढे ते बहुतेकांना जाणवू लागते. युरोपीय संघाने लाल वाइनसाठी त्याची मर्यादा लिटरमागे १.२ ग्रॅम ठेवलेली आहे. गोंदाचा, म्हणजे नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास हा इथाइल अॅसिटेटचा; लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास तो नाकात भरतो आणि त्यामागे अनेकदा हॅन्सेनिआस्पोरा हे लिंबाच्या आकाराचे रानटी यीस्ट असते. द्राक्षाच्या सालीवर ते मुळातच असते, किण्वनाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत धुमाकूळ घालते आणि अल्कोहोल वाढू लागले की मागे पडते. माल निरोगी असेल तर त्याचा उपद्रव नगण्य राहतो. पण आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी असे चक्र असते, आणि नेमका काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात. तडकलेल्या मण्यातून रस झिरपला की हे यीस्ट आणि अॅसिटिक जीवाणू दोघांचीही पंगत बसते, आणि क्रेटमध्ये भरलेला माल उन्हात उभा राहिला तर कारखान्यात पोहोचण्याआधीच किण्वन सुरू झालेले असते. तिसरी आणि चौथी कुपी आलटून-पालटून हुंगल्यावर ग्लासातला बिघाड बागेकडून आला की पिंपाकडून, याचा निदान अंदाज बांधता येतो. हे ज्ञान दीडशे पाने वाचून येत नाही.

नासलेल्या सफरचंदाची कुपी हॉटेलवाल्यांनी आवर्जून हुंगावी. हा वास अॅसिटाल्डिहाइडचा. वाइनला हवा लागली की तो येतो, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत वाइनच्या पृष्ठभागावर पांढुरकी साय धरणारी पिकिया आणि कँडिडा ही यीस्ट तो वाढवतात. एका हॉटेलात ग्लासने मागवलेल्या शेनां ब्लां या पांढऱ्या वाइनला हा वास येत असल्याचे मी सांगितले, तेव्हा बाटली आदल्या आठवड्यात उघडलेली असल्याचे तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे मान्य केले. पण ‘ही वाइन अशीच असते, साहेब’ हे त्याचे पहिले वाक्य होते, आणि ते त्याला कोणीतरी शिकवलेले असणार. त्या मुलाला ही एक कुपी हुंगायला दिली असती तर पुढच्या दहा गिऱ्हाइकांची सोय झाली असती.

कुजके अंडे, कांदा आणि फुलकोबी हे त्रिकूट गंधकयुक्त द्रव्यांचे आहे, आणि इथे गुन्हेगार कोणी उपरा नसून वाइन बनवणारे सॅकरोमायसीस हे घरचेच यीस्ट असते. रसात नत्राची उणीव असली की ते हायड्रोजन सल्फाइड सोडते. हा वास वेळेवर घालवला नाही तर पुढे त्यातून कांद्या-लसणाच्या वासाची मर्कॅप्टन तयार होतात आणि मग दुरुस्ती अवघड होते. स्वयंपाकघरात मुरलेली नाके या तीन कुप्यांत कधीच चुकत नाहीत, कारण काळ्या मिठाचा ओळखीचा वास याच कुळातला आहे. या कुप्यांबरोबर एक प्रयोग अवश्य करावा : संशयित वाइनच्या दोन ग्लासांपैकी एकात तांब्याचा स्वच्छ घासलेला तुकडा टाकून हलवावे. वास गेला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा किंवा मर्कॅप्टनचा होता. तसाच राहिला तर प्रकरण पुढे, मर्कॅप्टनपासून बनणाऱ्या आणि तांब्याला दाद न देणाऱ्या डायसल्फाइडपर्यंत गेलेले असू शकते. प्रयोगानंतर ती वाइन पिऊ नये. पुस्तिकेपेक्षा हा तांब्याचा तुकडा अधिक शिकवतो, असे माझे मत आहे.

आता दहावी कुपी, घोडा.

वाइन बिघडवणाऱ्या यीस्टमध्ये सर्वांत जास्त शाई ज्यावर खर्च झाली आहे ते ब्रेटानोमायसीस, बोलीभाषेत ‘ब्रेट’, या कुपीच्या मागे उभे आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्यात काम करणारे हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये त्याचे वर्णन केले ते बिघाड म्हणून नव्हे. मुरवलेल्या इंग्लिश बिअरला तिची खास चव याच यीस्टमुळे येते, असे त्यांचे म्हणणे होते. बेल्जियमच्या लँबिक बिअरमध्ये आजही ते हवेहवेसे आहे. वाइनमध्ये ते शिरते ते बहुधा किण्वन संपल्यावर, लाकडी पिंपात. उरलीसुरली साखर त्याला पुरते, ओकच्या लाकडातील सेलोबायोज या साखरेवरही ते जगू शकते, आणि पिंपाच्या फळीत काही मिलिमीटर खोल दडून बसते, त्यामुळे पिंप वरवर धुऊन ते जात नाही. द्राक्षाच्या सालीतून आलेल्या कुमॅरिक आणि फेरुलिक आम्लांचे ते दोन टप्प्यांत अनुक्रमे ४-इथाइल फिनॉल आणि ४-इथाइल ग्वायाकॉल या द्रव्यांत रूपांतर करते. यातला दुसरा टप्पा सॅकरोमायसीसला जमत नाही, म्हणूनच लाल वाइनमध्ये ही द्रव्ये भरपूर सापडली की बोट थेट ब्रेटकडे दाखवले जाते.

दहाव्या कुपीतून येणारा वास या जोडीतील ४-इथाइल फिनॉलच्या बाजूचा आहे : तबेला, घामेजलेले खोगीर, जखमेवर लावायची चिकटपट्टी. वासाची नक्कल चांगली साधली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र प्रत्यक्ष वाइनमध्ये ब्रेट कधी एकट्या वासाने येत नाही. ४-इथाइल ग्वायाकॉल लवंग आणि धूर यांची आठवण करून देते. शिवाय आयसोव्हॅलेरिक आम्ल शिळ्या चीजचा, पायमोज्यांचा दर्प आणते. फ्रान्समधील बोर्दो येथे पास्काल शातोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या कामात फिनॉल आणि ग्वायाकॉल यांचे प्रमाण साधारण दहास एक आढळले, आणि या मिश्रणाचे प्रमाण लिटरमागे चारशे मायक्रोग्रॅमच्या थोडे पुढे गेले की वाइनची पसंती घसरते, असे दिसून आले. द्राक्षाची जात बदलली की दहास एक हे प्रमाणही बदलते. पिनो न्वारमध्ये ग्वायाकॉलचा वाटा मोठा असतो, त्यामुळे ब्रेट लागलेली पिनो न्वार तबेल्यापेक्षा लवंगेकडे झुकते आणि दहाव्या कुपीवर तयार झालेले नाक तिला सहज माफ करून टाकते. शिराझमध्ये उलट फिनॉलचे पारडे फारच जड असते. म्हणजे योगायोगाने का होईना, शिराझ भरपूर पिकवणाऱ्या नाशिककरांना ही कुपी पिनो न्वार पिकवणाऱ्या फ्रान्समधल्या बर्गंडीच्या रसिकांपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. कुपीत वास एका ठरावीक, आणि बऱ्यापैकी जोरकस, तीव्रतेचा असतो. वाइनमधला दोष मात्र आधी नकळत फळगंध खाऊ लागतो आणि फार नंतर स्वतःचे नाव सांगतो. ब्रेटच्या सुरुवातीच्या अवस्थेत घोडा कोणालाच हुंगता येत नाही. वाइन फक्त कोरडी, धातूच्या चवीची आणि फळाविना पोकळ वाटते, आणि तळघरातल्या माणसाला खरी गरज असते ती नेमकी या अवस्थेच्या ओळखीची. याला उपाय म्हणजे एकाच वाइनचे निरोगी आणि कमी-अधिक लागण झालेले नमुने शेजारी-शेजारी ठेवून चाखणे. तो कोणत्याही पेटीत मावणारा नाही. आणखी असे, की फ्रान्सच्या दक्षिण रोन भागातील काही नामांकित लाल वाइनचा ‘घोडेपणा’ पिढ्यान् पिढ्या त्या मातीचा गुण म्हणून मिरवला गेला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे लुसी जोसेफ आणि लिंडा बिसन यांनी ब्रेटच्या वासांचे जे चक्र तयार केले, त्यात किळसवाण्या वासांबरोबर मसाल्यांचे आणि फुलांचे वासही आहेत, कारण या यीस्टच्या वेगवेगळ्या वाणांचे वागणे वेगवेगळे असते. संचाने मात्र घोड्याला सरसकट दोषांच्या यादीत बसवले आहे. मी स्वतः ब्रेटच्या विरुद्ध बाजूचा आहे. थोडा घोडा आज रुचला तरी बाटलीत तो वाढू शकतो, आणि गरम हवेत साठवलेल्या बाटलीत तर निश्चिंत राहण्याचे काहीच कारण नाही. तरीही नवख्या माणसाला हा वाद अस्तित्वात असल्याची कल्पना असायला हवी.

सहावी कुपी, म्हणजे गंधक, या दहाव्या कुपीच्या शेजारी ठेवून हुंगावी असे मी सुचवेन, कारण एकीतला दोष हा दुसरीवरचा उपाय आहे. सल्फर डायऑक्साइड हे ब्रेटविरुद्धचे मुख्य हत्यार; त्याचा यीस्टला मारणारा भाग म्हणजे त्याचे रेणवीय रूप, आणि ते किती उपलब्ध असेल हे वाइनच्या पीएचवर अवलंबून असते. लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम रेणवीय सल्फर डायऑक्साइड हवे असेल, तर ३.५ पीएचला सुमारे ४० मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे वाइनमधल्या इतर द्रव्यांशी न जोडलेले, सल्फर डायऑक्साइड लागते, आणि ३.८ पीएचला जवळजवळ ८०. उष्ण प्रदेशात द्राक्षातील आम्ल लवकर घटते, पीएच चढतो, आणि तितके गंधक घालायचे म्हटले तर विझलेल्या काडेपेटीचा वास ग्लासात उतरण्याची भीती असते. कमी घालावे तर घोडा, जास्त घालावे तर काडी. दोन्ही वास नाकाने स्वतः अनुभवल्यावर वाइनकाराची ही कसरत जितकी कळते, तितकी ती आकड्यांवरून कळत नाही.

आता तेरावा दोष, जो या संचात नाही. त्याला इंग्रजीत उंदराच्या नावाने ओळखतात. ब्रेट आणि काही लॅक्टिक जीवाणू लायसिनसारख्या अमिनो आम्लांपासून टेट्राहायड्रोपिरिडीन गटातील द्रव्ये आणि २-असिटाइल-१-पायरोलिन तयार करतात. वाइनच्या आम्ल अवस्थेत, म्हणजे पीएच ३ ते ४ असताना, ही द्रव्ये जवळजवळ उडतच नाहीत, त्यामुळे ग्लास कितीही हुंगला तरी वाइन निर्दोष वाटते. घोट घेतला, गिळला, की लाळेने तोंडातला पीएच वाढतो, आणि काही सेकंदांनी घशाच्या मागून धान्याच्या कोठीत उंदीर वावरल्याचा, शिळ्या बिस्किटांचा दर्प वर येतो आणि बराच वेळ हटत नाही. प्रत्येकाच्या तोंडाची स्थिती वेगळी असल्यामुळे टेबलावरच्या एकाला वाइन असह्य वाटते आणि शेजारचा दुसरा ग्लास मागवतो. गंधक न घालता वाइन करण्याची जी लाट युरोपात आली, तिच्याबरोबर हा जुना दोष पुन्हा वर आला आहे. आपल्यासाठी त्यातली नवलाची गोष्ट अशी, की २-असिटाइल-१-पायरोलिन हेच द्रव्य बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला त्यांचा सुगंध देते. ज्या वासासाठी मावळातल्या तांदळाला चार पैसे जास्त मोजायचे, त्याच वासामुळे वाइनची बाटली परत करायची.

या दोषासाठी कुपी नसली तरी एक सोपी पडताळणी आहे. संशयित वाइनचे दोन-तीन चमचे वेगळ्या पेल्यात घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. वाइन फसफसते, लाल रंग आधी जांभळट आणि मग पाटीसारखा निळसर-करडा होतो, आणि फेस बसल्यावर पेला हुंगला तर आतापर्यंत लपून राहिलेला उंदीर थेट नाकात येतो. निरोगी वाइनमध्येही सोड्याने वास बदलतो, म्हणून शेजारी चांगल्या वाइनचा सोडा घातलेला पेला तुलनेला ठेवावा. सोडा हाताशी नसेल तर मनगटावर दोन थेंब चोळून हुंगले तरी कधी कधी काम भागते.

वासाने ओळखू येत नाही म्हणून आणखी एका यीस्टला संचात जागा नाही. झायगोसॅकरोमायसीस बेली हे सल्फर डायऑक्साइड आणि सॉर्बिक आम्ल या दोन्हींना दाद न देणारे यीस्ट थोडी साखर शिल्लक असलेल्या वाइनमध्ये बाटलीतच पुन्हा किण्वन सुरू करते. खूण म्हणजे बुडबुडे, गढूळपणा आणि तळाशी गाळ. अर्धगोड शेनां ब्लां हा नाशिकचा आवडता प्रकार असल्यामुळे इथल्या बाटली भरणाऱ्यांना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीची किंमत ठाऊक आहे, पण दुकानदाराला हा बिघाड डोळ्यांनीच ओळखावा लागेल. उन्हाळ्यात गरम गोदामात शिजलेल्या वाइनचा मुरंब्यासारखा वासही संचात नाही, आणि महाराष्ट्रातल्या दुकानांचा विचार केला तर मला स्वतःला साबणाच्या जागी ती कुपी अधिक आवडली असती.

संच परदेशातून मागवावा लागतो आणि आयात शुल्कासह त्याची किंमत दहा हजार रुपयांच्या पुढेच जाते. घरी महिन्याकाठी एखादी बाटली उघडणाऱ्याने हा खर्च करू नये. पांढरे व्हिनेगर, इथाइल अॅसिटेट असलेले नेलपॉलिश रिमूव्हर, काळे मीठ, लवंग आणि उघडून आठवडाभर ठेवलेली पांढरी वाइन एवढ्या सामग्रीवर त्याचे अर्ध्याहून अधिक शिक्षण होईल. टेस्टिंग रूम चालवणाऱ्यांनी, ग्लासने वाइन विकणाऱ्या हॉटेलांनी आणि वाइनचे वर्ग घेणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा, शक्य तर दोघा-तिघांनी मिळून, आणि बूच, व्हिनेगर, गोंद, कुजके अंडे व घोडा या पाच कुप्या नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हुंगायला द्याव्यात. कुप्या उभ्या, अंधारात आणि घट्ट बंद ठेवाव्यात. कांद्याची कुपी एकदा जरी सैल राहिली तर पेटीचे अस्तर तो वास धरून ठेवते आणि मग इतर अकरा कुप्यांवर त्याची सावली पडते.